पोट आलेली भिंत

त्या वसतिगृहातली सकाळ ताटांच्या आवाजानं व्हायची. कौसाबाई अंधार असतानाच चूल पेटवायची, काटवटीत पीठ मळायची आणि पहिली भाकरी तव्यावर पडली की उलथन्यानं एक ताट बडवायची. घंटा नव्हती, ताटच होतं. त्या आवाजासरशी पोरं उठायची, कुणी डोळे चोळत, कुणी आईला हाका मारत. आई तिथं नाही हे लक्षात यायला काहींना थोडा वेळ लागायचा. मग हातपंपाची करकर, राखुंडीनं दात घासणारी पोरं, आणि त्या सगळ्यावर पसरलेला भाजलेल्या ज्वारीचा वास. मला आजही कुठं भाकरीचा वास आला की आधी भूक लागत नाही. आधी कान टवकारले जातात. भाकरीच्या वासामागून दुसरा एखादा आवाज येतोय का, हे मी ऐकायला लागते. माझ्या मुलांना ही सवय चमत्कारिक वाटते. त्यांना मी कधी नीट सांगितलं नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

गाव किल्लारीच्या अलीकडं, आतल्या रस्त्याला. दिवाळी झाली की तिथल्या वाड्यातांड्यांवरच्या टोळ्या ऊसतोडीला बाहेर पडायच्या, काही कर्नाटकात, काही पार कोल्हापूरकडं. सोबत लेकरं गेली की त्यांची शाळा सुटायची. ती मागं राहावीत म्हणून हंगामापुरतं वसतिगृह चालायचं. दिवसा शाळा, रात्री मुक्काम, दोन वेळचं जेवण. मी तेव्हा नुकती डी.एड. झालेली. मुखेड तालुक्यातल्या आमच्या गावात एवढं शिकलेल्या मुली मोजक्याच होत्या आणि त्यातल्याही बहुतेक शिकून घरीच बसलेल्या. ही नोकरी पाच-सहा महिन्यांची, पण नोकरी होती. बाबा तहसील कचेरीत शिपाई. रजा टाकून ते मला पोचवायला आले. एस.टी.नं लातूर, तिथून पुढं जीप. आईनं शेंगदाण्याची चटणी, खारवलेल्या मिरच्या आणि एक जाड वाकळ बांधून दिली होती. जीपमधून उतरल्यावर बाबांनी गावाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "घरं तर सगळी शिमिटाची हायत की."

होती. भूकंपानंतर वसवलेलं गाव ते. सरळ गल्ल्या, एकासारखी एक घरं, रुंद रस्ते. दगडमातीचं बांधकाम गावानं कायमचं सोडलं होतं. फक्त आमचं वसतिगृह ज्या इमारतीत होतं ती तेवढी जुनी. कोणे एके काळी ते धान्याचं गोदाम होतं. हातभर नव्हे, दोन-दोन हात जाडीच्या भिंती, दगडावर दगड, मध्ये माती, आणि वर पत्रे. जुनं गाव पडलं तेव्हा हे बाहेरच्या अंगाला असल्यामुळं उभं राहिलं म्हणत. ते उभं राहिलं म्हणून लोक त्याला मजबूत समजायचे, आणि तरीही त्यात कुणी बैलसुद्धा बांधत नव्हतं. वसतिगृहासाठी जागा शोधायला माणसं आली तेव्हा गावानं तेच दाखवलं.

कौसाबाई त्यात पाय ठेवायची नाही. स्वयंपाक बाहेर, पत्र्याच्या छपरीत. वाढायचं अंगणात. पीठ, डाळ, तेल आतून आणायचं काम पोरींचं. पन्नाशीची, उंच, कुणब्याच्या घरातली विधवा. शेत दिराकडं. भूकंपात तिची दोन लेकरं गेली एवढंच मला गावातून कळलं होतं, आणि तिनं स्वतः त्याबद्दल एकदाच सांगितलं, तेही विचारल्यावर नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, "माती तोंडात जाती बघा बाई. वरडाया येत न्हाई." आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.

पोरांमध्ये रुक्मिण मला सगळ्यात आधी कळली. अकरा-बारा वर्षांची असेल. शाळेत फार नाही गेलेली, कारण आधीचे हंगाम उसाच्या फडावरच काढलेले. वाचताना अक्षरावर बोट ठेवायची आणि बोट उचललं की अडायची. पण भाकरी अशी गोल थापायची की कौसाबाई तिला हाताखाली घ्यायची. तिचा भाऊ गज्या पहिलीत. तो दिवसभर तिच्या परकराला धरून असायचा. मी त्याला पुढच्या ओळीत बसवलं की दहा मिनिटांत तो सरकत सरकत मागं तिच्याजवळ पोचलेला. "गज्या, कुठं चाललास रे?" म्हटलं की म्हणायचा, "कुटंच न्हाई बाई, जमीन सरकलालीय." वर्ग हसायचा. मीही हसायचे. पुढं जे झालं त्यानंतर हे वाक्य कुणी हसण्यावारी नेलं नाही.

पहिला आवाज दुपारी आला. मी फळ्यावर जोडाक्षरं लिहीत होते. लांब कुठंतरी ट्रकमधून खडी ओतावी तसा तो सुरू झाला, पण वरून नाही, पायाखालून. मांडणीवरची ताटं एकमेकांवर किणकिणली. मग थांबलं. सगळं मिळून एक श्वास घ्यावा एवढाच वेळ. पोरं माझ्याकडं पाहत होती. मी खडू धरलेला हात खाली घेतला, आणि म्हणाले, "चला, पुढचा शब्द." बाहेर कौसाबाई चूल सोडून अंगणाच्या मध्यावर जाऊन उभी होती. हाताला पीठ तसंच. भाकरी करपल्याचा वास येत होता.

आमचे अधीक्षक बिराजदार सर. गोल चेहऱ्याचे, सतत पान खाणारे, पोरांना नावानं नव्हे तर लाडक्या शिव्यांनी हाक मारणारे. ते म्हणाले, "ह्या भागात असे आवाज येतच असतेत बाई. जमीन पोटात गुरगुर करती. माणसाचं न्हाई का होत? फिकीर करू नका." पण त्या संध्याकाळी गावातल्या लोकांनी बाजा बाहेर काढल्या हे मी पाहिलं. शिमिटाच्या घरात राहणारी माणसं थंडीत अंगणात झोपत होती आणि आम्ही दगडाच्या गोदामात.

येळवसेला, म्हणजे वेळा अमावास्येला, गावातल्या एका शेतकऱ्यानं सगळ्या पोरांना शेतात जेवायला बोलावलं. आमच्याकडं मुखेडलाही येळवस होते, पण लातूरकडं त्या दिवशी अख्खी गावंच्या गावं ओस पडतात, सगळी रानात. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, हरभरा घाटे धरलेला, कडब्याच्या खोपीत मांडलेली पूजा. भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आणि मडक्यातली थंडगार आंबील. पोरं इतकी जेवली की गज्या हातात उंडा धरून ज्वारीच्या सावलीला झोपून गेला. रुक्मिण मला विचारत होती, "बाई, वर्गात शिकून तुमच्यासारखं व्हाया किती वर्सं लागतेत?" मी उत्तर द्यायच्या आत तो आवाज आला. रानात भिंती नव्हत्या, ताटं नव्हती, त्यामुळं आवाजाला लपायला काही नव्हतं. तळव्यांना मुंग्या आल्यासारखं वाटलं आणि आमच्या सगळ्यांच्या खालून काहीतरी जड, सावकाश, गावाच्या दिशेनं निघून गेलं. ज्वारीतली पाखरं एकदम उठली. शेतकऱ्याच्या म्हाताऱ्या आईनं जमिनीला हात लावून नमस्कार केला. आंबिलीची वाटगी हातोहात फिरत राहिली.

त्यानंतर दिवसाआड, कधी रोज. माणूस कशालाही सरावतो. पोरं आवाजाची नक्कल करायला लागली. पण मला भिंतीचं काहीतरी खटकायला लागलं होतं. फळा दोन खिळ्यांवर टांगलेला असायचा, भिंतीला सपाट चिकटून. एके दिवशी लिहिताना तो हलला. डाव्या बाजूला खडू दाबला की उजवी बाजू उचलायची, उजवीकडं दाबला की डावी. मला वाटलं खिळा ढिला झाला. फळा काढून ठेवला आणि भिंतीवर हात फिरवला. फळ्याच्या मागं भिंत पुढं आली होती. थोडीशीच. पोटुश्या बाईच्या पोटावरून पहिल्यांदा कळावं तेवढी. शेजारचा सारवणाचा थर फुगून सुटलेला, बोटानं दाबला तर मागं पोकळ वाजला. नव्या वर्गात गेले की आजही मी आधी भिंतीवर हात फिरवते. नांदेडच्या आमच्या शाळेतल्या सहकारी बाईंना वाटतं मी धूळ बघते.

मी सरांना बोलावून दाखवलं. त्यांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं आणि भिंतीवर तळहात ठेवला.

"पोट आलंय," ते म्हणाले.

"वर कळवायला पाहिजे सर."

"कळवू की. कळवल्यावर काय हुईल ते मालूम हाय का तुम्हाला? उद्याच्याला साहेब येतील, भिंत बघतील आन् कुलूप लावतील. दुसरी जागा द्यायचं म्हणतील, ती द्याया उन्हाळा लागंल. तवर ही लेकरं कुटं जातील?"

मला माहीत होतं कुठं जातील.

"फडावर," तेच म्हणाले. "आयबापाकडं. ती रुक्मिण कोयता धरंल. एकदा गेलं लेकरू की परत येत न्हाई बाई. मी लई हंगाम बघितलेत. भिंत काय, टेकू लावू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः दोन बल्ल्या आणून भिंतीला लावल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता. ते खोटारडे नव्हते, बेफिकीरही नव्हते. त्या माणसाला पोरांची काळजी होती आणि त्यांचं म्हणणं निम्मं खरं होतं. हेच मला झोपू देत नव्हतं. मी पोरांची अंथरुणं समोरच्या भिंतीकडं सरकवली आणि दार सताड उघडं ठेवायला लागले. थंडी आत यायची. पोरं एकमेकांत घुसून झोपायची.

मग अवकाळी आला. हरभरा काढणीला आलेला असताना दोन दिवस संततधार. पत्र्यावरचं पाणी भिंतीच्या माथ्यावर पडत होतं आणि मधली माती ते पीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीच्या पायथ्याशी चिखलाचा एक ओघळ दिसला, आतून आलेला. बल्ल्यांपैकी एक वाकली होती. कौसाबाई छपरीतून ओरडली, "बाई, लेकरं भाईर काढा. मी सैपाक करणार न्हाई आज. आत बसवलेल्या लेकरांसाठी मी सैपाक करणार न्हाई." आणि तिनं खरंच चुलीत पाणी ओतलं. मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

मी सरांकडं गेले. म्हणाले, "सर, मी पोरांना विहारात नेते."

गावाच्या कडेला आमच्या लोकांची, बौद्धांची वस्ती होती. तिथलं विहार नवं, काँक्रीटचं, मोठ्या खिडक्यांचं. सरांनी डोक्याला हात लावला. "आवो, ह्या पोरांत चार जातींची लेकरं हायत. विहारात झोपवली म्हणल्यावर कुणाचा बाप काय बोलंल, सांगता येतंय का? गाव काय म्हणंल? तुम्ही त्याच समाजाच्या, तुमच्यावरच येईल सगळं."

"मग कुठं झोपवू ते तुम्ही सांगा," मी म्हणाले.

त्यांनी वर पत्र्याकडं पाहिलं. पावसाचा आवाज येत राहिला. शेवटी म्हणाले, "जावा. मी ज्वारीची पोती कोरड्यात घेतो आन् येतो मागनं."

विहाराची किल्ली किसनकाका कांबळ्यांकडं असायची. मी "जय भीम" म्हणून काय झालं ते सांगितलं. दार उघडता उघडता ते म्हणाले, "लेकरांना सांगा, भिंतीवर रेघोट्या वढायच्या न्हाईत. आत्ताच रंग दिलाय." पोरं डोक्यावर पोती घेऊन, वाकळी पोटाशी धरून, रांगेनं चिखलातून आली. रुक्मिणनं गज्याला कडेवर घेतलं होतं. वस्तीतल्या बायांनी चहा आणला. आणि थोड्या वेळानं पाहिलं तर कौसाबाई डोक्यावर काटवट, हातात तवा घेऊन विहाराच्या पायरीपाशी उभी. तिच्या उभ्या आयुष्यात ती त्या वस्तीत चुलीला बसली नसेल. तिनं एका बाईला विचारलं, "तुमची चूल कुटंय?" त्या बाईनं सरकून जागा केली.

दिवस मावळायच्या सुमाराला आवाज आला. आधीच्यांपेक्षा मोठा नव्हता. विहाराच्या खिडक्यांच्या काचा थरथरल्या, पोरांनी सवयीनं नक्कल करायला तोंडं उघडली, आणि तेवढ्यात दुसरा आवाज ऐकू आला. तो जमिनीतला नव्हता. कुणीतरी लांबलचक सुस्कारा टाकावा तसा, आणि मग दगडांचा.

मी धावले. किसनकाका धावले, वस्तीतले गडी धावले. गोदामाची ती भिंत जागेवर नव्हती. फळा जिथं होता तिथून थेट शेत दिसत होतं. पत्रे एका बाजूला लोंबत होते. आमची अंथरुणं जिथं सरकवली होती तिथपर्यंत दगड पोचले होते. धूळ उठलीच नव्हती, सगळं ओलं होतं. तेच मला भयंकर वाटलं, इतकं पडलं आणि सगळं स्पष्ट दिसत होतं. बिराजदार सर ज्वारीच्या पोत्यांपाशी होते. कमरेखाली दगड. कौसाबाई माझ्याही आधी कशी पोचली कुणास ठाऊक. जिनं कधी तो उंबरा ओलांडला नव्हता ती गुडघ्यांवर बसून हातांनी दगड उपसत होती आणि सरांना सांगत होती, "तोंड उगडू नका, सर. तोंड मिटून ऱ्हावा."

त्यांना बाजेवर घालून जीपमध्ये चढवलं तेव्हा ते शुद्धीवर होते. माझा हात धरून म्हणाले, "लेकरं मोजली का?"

"सगळी आहेत सर."

"पुन्हा एकदा मोजा," ते म्हणाले, आणि जीप लातूरला निघाली. त्यांचा एक पाय पुढं कायमचा अधू झाला. आमची भेट होत राहिली. भिंतीचा विषय दोघांनीही कधी काढला नाही.

त्यानंतर जे झालं ते सरांनी सांगितल्याप्रमाणेच झालं. साहेब आले, पाहून गेले. पडझड झाल्याची बातमी टोळ्या नेणाऱ्या मुकादमांच्या फोनवरून फडाफडावर पोचली होती. दुसऱ्या दिवसापासून आईबाप यायला लागले. विहारात झोपवल्याबद्दल एकानं दोन शब्द ऐकवले, बाकीच्यांना ते सुचलंही नाही. त्यांना फक्त लेकरू दिसत होतं. बायांनी पोरांची डोकी, हात, पाय चाचपले आणि पोती बांधायला घेतली. मी प्रत्येकाला सांगत होते, इथं आता धोका नाही, ही इमारत पक्की आहे, वस्ती सांभाळतेय. काहींनी ऐकलं. पुष्कळांनी नाही.

रुक्मिणचा बाप टेम्पोनं आला. काटक, उन्हानं काळवंडलेला, पाचटानं चिरलेले हात. तो आधी गोदामापाशी गेला, एकटाच. परत आला तेव्हा त्याला घाम फुटला होता. कौसाबाईनं त्याला पाणी दिलं, भाकरी वाढली. तो जेवला. मग मला म्हणाला, "बाई, तुमी लेकरं वाचिवली. तुमचे उपकार हायत. पर मी न्हेतो."

"दादा, आता कशाला? आता तर ती सुरक्षित आहेत. रुक्मिण वाचायला लागलीय."

"भिंत पडायचीच आसंल तर आमच्या डोळ्यांम्होरं पडू द्या," तो म्हणाला. "तिथं आमाला फोन आला तवा मी उसात हुतो. घरात कुणी मेलं म्हणून सांगतेत तसा फोन. हिची आई फडात कोसळली."

 तरी मी बोलले. शाळेबद्दल, दहावीबद्दल, माझ्या स्वतःच्या बापाबद्दल. तो खाली मान घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "गज्याला ठिवतो. बारका हाय, तिथं पाचटात साप-किरडू. हिला न्हेतो. बारकं लेकरू झालंय, त्याला धराया कुणी न्हाई."

रुक्मिण दाराशी उभी राहून ऐकत होती.  आत जाऊन तिनं आपलं पोतं बांधलं. पुढच्या हंगामात गज्या एकटाच आला. अक्काचं लग्न झालं म्हणाला. आता तो मुदखेडला रेल्वेत आहे, दिवाळीला फोन करतो. तिचा विषय निघाला की म्हणतो, बरी आहे, आणि मीही बरं म्हणते.

टेम्पो सुरू झाला तेव्हा गज्या विहाराच्या पायरीवर होता. त्याला वाटत होतं आपणही चाललोय. रुक्मिणनं त्याचा हात धरून माझ्या हातात दिला आणि माझ्या कानाशी आली.

"बाई, ह्याला रातच्याला मधीच एकदा उठवावं लागतंय, न्हाईतर आंथरूण वलं करतोय. हाक मारून उठत न्हाई. तळपायाला गुदगुल्या करायच्या."

मी हो म्हटलं. ती चढली, बापाशेजारी बसली, आणि टेम्पो चिखलातून वाकडातिकडा होत रस्त्याला लागला. गज्या रडून रडून जेवलाच नाही. कौसाबाईनं त्याला मांडीवर थोपटून झोपवलं. मी रात्री मध्येच उठून त्याच्या तळपायाला गुदगुल्या केल्या. तो झोपेतच हसला, पाय आखडून घेतला, आणि डोळे न उघडता म्हणाला, "उठलालाव की, अक्का."